पाच भावांची गाडी

1853 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या हँगटाउन नावाच्या खाणवस्तीत घोडे-बैलांच्या वॅगनींचा एक तांडा येऊन थांबला. त्यात जॉन मोलर स्टुडबेकर नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा होता. निघताना आईने कमरपट्ट्यात शिवून दिलेले पैसे वाटेत पत्त्यांच्या फसव्या डावात गेले होते आणि खिशात उरले होते पन्नास सेंट. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याला पाच वर्षे झाली होती. हजारो तरुणांप्रमाणे हाही नदीच्या वाळूत नशीब चाळायला आला होता.

पुढची हकिकत जॉनने म्हातारपणी स्वतःच सांगितली आहे. तांड्याभोवती जमलेल्या गर्दीतून कुणीतरी विचारले, तुमच्यात गाडी बांधणारा कुणी आहे का? सोबत्यांनी त्याच्याकडे बोट दाखवले. विचारणारा होता जो हिंड्स हा तिथला लोहार. त्याला खाणकामगारांसाठी एकचाकी ढकलगाड्या बनवणारा माणूस हवा होता. जॉनने आधी नकार दिला, मी सोने काढायला आलोय म्हणाला. बाजूला उभ्या असलेल्या एका गृहस्थाने त्याला समजावले की सोने कुठे पळून जात नाही, हातात आलेले काम आधी घे. त्याने ऐकले. पहिली ढकलगाडी धड झाली नाही, चाक लटपटत होते. दुसरीपासून हात बसला. एका ढकलगाडीला दहा डॉलर मिळत. गावात सगळे त्याला ‘व्हीलबॅरो जॉनी’ म्हणू लागले. वर्षभरात हँगटाउनचे प्लेसरव्हिल झाले, खाणी खोल जात राहिल्या, माती वाहणाऱ्या ढकलगाड्यांची गरज वाढतच गेली. पाच वर्षांनी जॉन परत निघाला तेव्हा त्याच्या गाठीला आठ हजार डॉलर होते. सोने खणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तेवढे जमले.

हे आठ हजार डॉलर महत्त्वाचे आहेत. ते पुढे ज्या धंद्यात पडले, त्या धंद्याने अमेरिकेतली सर्वांत मोठी गाडी बांधणारी कंपनी उभी केली. 1852 साली दोन भावांनी टाकलेले लोहाराचे दुकान 1963 मध्ये एका मोटार कारखान्याच्या रूपात बंद झाले. घोडागाडी बांधणारी हजारो घराणी मोटारीच्या लाटेत वाहून गेली. आपले नाव तसेच ठेवून मोटारीच्या जगात पन्नास-साठ वर्षे टिकलेले मोठे घराणे हेच. ते कशामुळे टिकले, हा मला या इतिहासातला खरा प्रश्न वाटतो. माझ्या मते त्याचे उत्तर इंजिनात सापडत नाही. ते लाकडी चाकात आणि गावोगावच्या दुकानदारांत सापडते.

स्टुडबेकर मूळचे जर्मनीतल्या झोलिंगनचे. सुऱ्या-तलवारींच्या पात्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव. 1736 मध्ये या घराण्यातली माणसे फिलाडेल्फियाच्या बंदरात उतरली आणि पेन्सिल्वेनियातल्या जर्मन वस्त्यांत मिसळून गेली. तिथे कॉनेस्टोगा नावाच्या अवजड मालवाहू वॅगनी बांधण्याचा धंदा जोरात होता. नावेसारखा दोन्ही टोकांना उचललेला साटा आणि वर पांढरे कापडी छत, अशी ही गाडी. पाच भावांचे वडील जॉन क्लेमेंट स्टुडबेकर गेटिसबर्गजवळ लोहारकी आणि गाडीकाम करत. 1830 च्या दशकात त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेल्या अशाच वॅगनीत बायको रिबेका, मुलेबाळे आणि संसार भरला आणि ओहायोतल्या अॅशलंडला बिऱ्हाड हलवले. ती वॅगन आजही साउथ बेंडच्या संग्रहालयात उभी आहे.

हे कुटुंब डंकर्ड पंथाचे होते. साधी राहणी, युद्धाला ठाम विरोध आणि कर्जाचा तिटकारा ही या पंथाची शिकवण. कुणाचे देणे अंगावर ठेवू नये, राहिलेच तर प्रेमाचे राहू द्यावे, हे बायबलमधले तत्त्व वडिलांनी दुकानावर लावले होते. तत्त्व चोख होते, पण धंदा चालेना. 1837 च्या मंदीने त्यांचे कंबरडे मोडले. माणूस हळव्या मनाचा, उधारी मागायला आलेल्याला नाही म्हणवत नसे आणि वसुलीला जायला पाय निघत नसे. मुलांनी वडिलांकडून हातोडा धरायला शिकून घेतले आणि त्यांची ओढाताणही जवळून पाहिली. धंद्यातला हिशेब त्यांनी वडिलांपेक्षा खूपच कडक ठेवला.

1851 पर्यंत सगळे कुटुंब इंडियानातल्या साउथ बेंडला आले. दुसरा मुलगा क्लेमेंट तिथे शाळेत शिकवून जोडीला लोहारकाम करत होता. 16 फेब्रुवारी 1852 रोजी थोरला हेन्री आणि क्लेमेंट या दोघांनी ‘एच. अँड सी. स्टुडबेकर’ या नावाने दुकान टाकले. भांडवल अडुसष्ट डॉलर, भट्ट्या दोन. बहुतेक काम घोड्यांना नाल ठोकण्याचे आणि नांगर-गाड्या दुरुस्त करण्याचे. पहिल्या वर्षी नव्या वॅगनी झाल्या त्या दोन-तीनच. जॉन कॅलिफोर्नियाला गेला तो या दुकानात बांधलेल्या वॅगनीतून. तांडेवाल्यांना ती देऊन त्याबदल्यात त्याने आपल्या प्रवासाची सोय करून घेतली होती.

गाडी बांधणे म्हणजे मुख्यतः चाक बांधणे. आपल्या बैलगाडीचे चाक ज्याने जवळून पाहिले असेल त्याला हे वेगळे सांगायला नको. मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले गोल घेऱ्याचे लाकडी तुकडे आणि या सगळ्याला आवळून धरणारी लोखंडी धाव. प्रत्येक भागाला वेगळे लाकूड लागते. तुंब्याला असे लाकूड हवे की ज्यात डझनभर भोके पाडली तरी ते चिरणार नाही. आऱ्यांना चिवट हिकरी, कारण प्रत्येक फेऱ्यात गाडीचा सगळा भार क्रमाने एकेका आऱ्यावर येतो. घेऱ्याला आणि साट्याच्या चौकटीला ओक आणि अॅश. आरे तुंब्यात सरळ उभे ठोकत नाहीत, बाहेरच्या बाजूला किंचित कलते ठेवतात. त्यामुळे चाक बाहेरून उथळ ताटलीसारखे खोलगट दिसते. घोडा चालताना गाडी डाव्या-उजव्या बाजूला हेलकावे खाते, तो आडवा धक्का हा कल झेलतो. सरळ आऱ्यांचे चाक त्या धक्क्याने काही महिन्यांत खिळखिळे झाले असते.

मग धाव चढवायची. लोखंडी पट्टी वाकवून, टोके तापवून ठोकून जोडायची आणि तिचा घेर चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवायचा. किती कमी, हे लोहाराच्या नजरेवर आणि अनुभवावर. धाव लालबुंद होईपर्यंत तापवली की ती फुगते. दोघे-तिघे सांडशीने उचलून ती चाकावर घालतात, घणाने बसवतात, लाकूड धुपायला लागते आणि त्याच क्षणी पाणी ओततात. लोखंड आकसते, सगळे सांधे कचकन आवळले जातात. इथे घेर जास्त कमी झाला तर आरे वाकतात, पुरेसा कमी नसला तर उन्हाळ्यात धाव निघून येते. पण याहून मोठा शत्रू म्हणजे ओले लाकूड. कच्च्या लाकडाचे चाक बाजारात छान दिसते आणि पश्चिमेच्या कोरड्या हवेत महिन्याभरात आकसून आरे सैल पडतात. गाडी वाळवंटात मोडली तर माणसांचा जीवच धोक्यात. म्हणून चांगले गाडीवान गाडीच्या रंगापेक्षा तिच्या लाकडाची चौकशी करत. स्टुडबेकरांचे नाव झाले ते लाकूड नीट वाळवूनच वापरण्याबद्दल.

आणि नेमका इथेच त्यांची परीक्षा घेणारा प्रसंग आला. 1857 मध्ये अमेरिकेच्या सैन्याने युटाच्या मोहिमेसाठी वॅगनींची मोठी मागणी नोंदवली. शेजारच्या मिशावाकाच्या जॉर्ज मिलबर्नकडे ती आली, त्याला एकट्याला ती झेपेना, म्हणून त्याने शंभर वॅगनींचे काम स्टुडबेकर बंधूंना दिले. वर्षाला मूठभर गाड्या काढणाऱ्या दुकानाला शंभर गाड्या! तेवढ्या मुदतीत लाकूड हवेवर वाळणे शक्यच नव्हते. भावांनी लाकूड वाळवण्यासाठी भट्ट्या बांधल्या, माणसे वाढवली आणि मागणी पुरी केली. गावातल्या लोहारशाळेचा कारखाना झाला तो या एका कामामुळे.

याच कामाने भावांना वेगळ्या वाटाही दाखवल्या. हेन्री मनाने पक्का डंकर्ड होता. सैन्याच्या मोहिमेसाठी गाड्या बांधणे त्याच्या पंथाला मान्य नव्हते आणि प्रकृतीही साथ देत नव्हती. पैशाची चणचण तर होतीच. 1858 मध्ये जॉन कॅलिफोर्नियाहून परतला आणि त्याने हेन्रीचा वाटा विकत घेतला. हेन्री शेतीकडे वळला. पुढे या नावाला जगभर जी प्रसिद्धी मिळाली, तिच्यात थोरल्या भावाचा उल्लेख दोन ओळींत आटोपतात, हे मला पटत नाही. तीन वर्षांनी यादवी युद्ध सुरू झाले आणि उत्तरेच्या सैन्याने वॅगनी, रुग्णवाहिका, तोफखान्याचे गाडे यांची इतकी मागणी केली की कंपनीचे नशीबच पालटले. ज्या कामाच्या पैशाने घराणे श्रीमंत झाले ते काम आपल्याला नको, असे आधीच सांगून बाजूला होणारा हा माणूस. त्याच्या निर्णयाचे मोल मला जॉनच्या आठ हजार डॉलरपेक्षा कमी वाटत नाही.

युद्धाच्या काळात चौथा भाऊ पीटर धंद्यात आला. त्याचे गोशेन गावात किराणा-कापडाचे दुकान होते आणि भावांच्या गाड्या तो तिथे विकायचाच. विकण्याची कला त्याला अंगभूत होती. त्याने मिसुरी नदीकाठच्या सेंट जोसेफला शाखा काढली. पश्चिमेकडे जाणारे तांडे इथूनच सुटत. साउथ बेंडहून आलेल्या गाड्या गिऱ्हाइकाच्या उंबऱ्याशी उभ्या राहू लागल्या. 1868 मध्ये ‘स्टुडबेकर ब्रदर्स मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ रीतसर नोंदली गेली, क्लेमेंट अध्यक्ष झाला. दोन वर्षांनी धाकटा जेकबही आला. आता पाचांपैकी चौघे एका छपराखाली होते.

या वॅगनींनी काय वाहिले, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. शेतकऱ्यांचे संसार, बियाणे, शिवणयंत्रे, खाणीतले लाकूड त्यांनी वाहिले. सैन्याची रसदही वाहिली. मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी ज्या तांड्यांनी आणि पलटणींनी व्यापल्या, त्यांच्यामागे हीच मजबूत चाके होती. अमेरिकेतल्या जुन्या चित्रांत पांढऱ्या छताची वॅगन म्हणजे धाडसाचे प्रतीक असते. ज्यांच्या कुरणांतून ती गेली त्यांना ती तशी दिसली नसणार.

1872 मध्ये आणि पुन्हा 1874 मध्ये कारखाना जळाला. दुसऱ्या आगीत बहुतेक सगळे गेले. लाकूड, रंग, व्हार्निश आणि भट्टी एकत्र नांदत असलेल्या जागी आग हे कायमचेच भय. भावांनी विटांच्या मोठ्या इमारती उभारल्या आणि पुढच्याच वर्षी आपण जगातले सर्वांत मोठे गाडी कारखानदार असल्याची जाहिरात सुरू केली. वर्षाची विक्री तेव्हा दहा लाख डॉलरच्या पुढे गेली होती.

आतापर्यंत कष्टाच्या गाड्या बांधणाऱ्या या घराने मग शौकाच्या गाड्यांतही हात घातला. बग्गी, फेटन, लँडो, ब्रूम आणि मुंबईकरांच्या चांगल्या ओळखीची व्हिक्टोरिया. या विभागाची जबाबदारी जेकबवर होती. वॅगन आणि उंची घोडागाडी यांचे काम पाहिले तर दोन वेगळे धंदे वाटावेत. वॅगनीला हिरवा-लाल रंग एकदा फासला की झाले. लँडोच्या अंगावर अस्तराचे हात देऊन प्रत्येक हात वाळल्यावर प्युमिस दगडाच्या भुकटीने घासायचा, मग रंगाचे हात, मग व्हार्निशचे, त्यावर हाताने ओढलेल्या बारीक रेघा. व्हार्निशच्या खोलीत धुळीचा कण येऊ नये म्हणून फरशीवर पाणी शिंपडून ठेवत आणि कामाला लागणाऱ्या माणसांखेरीज कुणाला आत येऊ देत नसत. एक चांगली गाडी रंगवण्यात आठवड्यांमागून आठवडे जात. आतल्या गाद्या, कातडे, घोड्याच्या केसांचे भरण, दिवे, पायऱ्या, प्रत्येकाचा कारागीर वेगळा.

1885 मध्ये या शौकीन गाड्यांसाठी त्यांनी शिकागोत मिशिगन अॅव्हेन्यूवर सॉलन बीमन या वास्तुकाराकडून दगडी इमारत बांधून घेतली. खाली दालने, वरच्या मजल्यांवर गाड्यांचे काम. कंपनी दुसरीकडे हलल्यावर 1898 मध्ये त्या इमारतीचे रूपांतर कलाकारांच्या स्टुडिओंत आणि नाट्यगृहांत झाले. आज ती फाइन आर्ट्स बिल्डिंग म्हणून ओळखली जाते आणि तिथल्या नाट्यगृहाला अजून स्टुडबेकर हेच नाव आहे. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी एक वॅगन मांडली होती. तिचे धातूचे भाग त्या काळी फार महाग असलेल्या अॅल्युमिनियमचे आणि लाकूड रोझवूडचे. शेणमाती वाहायला जन्मलेल्या गाडीला त्यांनी दागिन्यासारखे सजवले होते. लोहाराचा मुलगा श्रीमंत झाल्यावर आपल्या पहिल्या कामाला असा मान देतो, ही गोष्ट मला आवडते.

क्लेमेंटने आणखी एक मोलाचे काम केले. जुन्या ऐतिहासिक गाड्या तो विकत घेऊन जपू लागला. फोर्ड थिएटरला जाताना अब्राहम लिंकन ज्या गाडीत बसले होते, ती न्यूयॉर्कच्या वुड ब्रदर्सनी बांधलेली गाडी त्याने 1889 मध्ये घेतली. स्वतःच्या कंपनीचा त्या गाडीशी काही संबंध नव्हता. दुसऱ्या कारागिराचे काम जपण्यासाठी पैसे मोजणारे कारखानदार फार नसतात. त्याच वर्षी त्याचा चाळीस खोल्यांचा दगडी वाडा, ‘टिपकनू प्लेस’, तयार झाला. अडुसष्ट डॉलरच्या दुकानाला तेव्हा सदतीस वर्षे झाली होती.

भाऊ एकेक करून गेले. जेकब 1887 मध्ये, हेन्री 1895 मध्ये, पीटर 1897 मध्ये, क्लेमेंट 1901 मध्ये. उरला जॉन, आणि समोर उभी राहिली बिनघोड्याची गाडी. मोटारीचा आग्रह धरला तो जॉनचा जावई फ्रेडरिक फिश याने. तो वकील होता, ऐरणीपाशी उभा राहिलेला नव्हता, म्हणूनच कदाचित त्याला घोड्याचा मोह नव्हता. 1890 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो संचालकांच्या मागे लागला होता. सासऱ्याला पेट्रोलच्या गाडीचा धूर, आवाज आणि वास मुळीच पसंत नव्हता. मधला मार्ग म्हणून 1902 मध्ये कंपनीने विजेची मोटार काढली. पहिल्या वर्षी वीस विकल्या गेल्या. त्यातली एक थॉमस एडिसनने घेतली.

पेट्रोलची गाडी 1904 मध्ये आली, पण अर्धीच त्यांची होती. इंजिन आणि सांगाडा ओहायोतल्या गारफर्ड कंपनीचा, वरचा साटा स्टुडबेकरांचा. इथे जुन्या कारागिरांचे हात कामाला आले. पहिल्या पिढीच्या मोटारीचा वरचा भाग म्हणजे घोडागाडीच होती. अॅशची चौकट, हाताने ताणलेले कातडे, तेच व्हार्निश. मग 1908 मध्ये डेट्रॉइटच्या ई-एम-एफ कंपनीशी करार झाला. ती मोटारी बांधणार आणि स्टुडबेकर त्या आपल्या विक्रेत्यांमार्फत विकणार. दोन वर्षांत स्टुडबेकरांनी ती कंपनीच घेतली आणि 1911 मध्ये स्टुडबेकर कॉर्पोरेशन स्थापन झाले. ई-एम-एफच्या गाड्यांबद्दल तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा कंपनीने आपले मेकॅनिक गिऱ्हाइकांच्या दारी पाठवून सदोष भाग बदलून दिले.

आता आधीचा प्रश्न: हे घराणे टिकले कशामुळे? बग्ग्या बांधणारा फ्लिंटचा विल्यम ड्युरंट मोटारीत शिरला आणि त्याने 1908 मध्ये जनरल मोटर्स स्थापन केली, पण घोडागाडीचे आपले नाव मागे ठेवून. ओहायोतल्या फिशर बंधूंनी वडिलांच्या गाडीकामावरून मोटारींचे साटे बांधायला घेतले आणि अखेर तेही जनरल मोटर्समध्ये विलीन झाले. न्यूयॉर्कच्या ब्रूस्टरने श्रीमंतांच्या रोल्स-रॉइसवर देखणे साटे चढवले आणि मंदीत ते बुडाले. या सगळ्यांचे हात स्टुडबेकरांइतकेच, काहींचे तर त्याहूनही सफाईदार होते. स्टुडबेकरांकडे जास्तीचे एक होते. पीटरने घातलेल्या पायावर उभी राहिलेली, खेड्यापाड्यांत पसरलेली विक्रेत्यांची फळी. ज्या दुकानदाराकडून बापाने वॅगन घेतली, त्याच्याकडूनच मुलगा मोटार घ्यायला तयार झाला. नवी वस्तू विकायला जुना विश्वास उपयोगी पडला. डेट्रॉइटच्या इंजिनियरांना स्टुडबेकर हवे होते ते यासाठीच.

1912 मध्ये जॉन प्लेसरव्हिलला गेला आणि साठ वर्षांपूर्वीच्या दोस्तांपैकी जे हयात होते त्यांना त्याने जेवण दिले. लोहारशाळेची ती जागा आज कॅलिफोर्नियाच्या ऐतिहासिक स्थळांत नोंदलेली आहे आणि तिथल्या जिल्ह्याच्या जत्रेत ढकलगाड्यांची शर्यत लागते. 1914 मध्ये महायुद्ध पेटताच ब्रिटिश सरकारने कंपनीकडे तीन हजार वॅगनी, तोफा ओढणाऱ्या घोड्यांच्या साजाचे वीस हजार संच आणि साठ हजार खोगिरे मागितली. मोटार बनवणाऱ्या कारखान्याला घोड्यांच्या साजाची ही शेवटची मोठी मागणी. जॉन 1917 मध्ये गेला. 1920 मध्ये वॅगनींचे काम थांबले आणि तो विभाग केंटकीतल्या एका वॅगन कंपनीला विकला गेला.

यापुढची कहाणी मोटारीची आहे आणि ती मी थोडक्यात सांगतो. ऐन मंदीत अध्यक्ष अल्बर्ट अर्स्किनने भरमसाठ लाभांश वाटला. 1933 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्याने जीव दिला. नव्या व्यवस्थापनाने ती सावरली. दुसऱ्या महायुद्धात स्टुडबेकरचे लष्करी ट्रक प्रामुख्याने सोव्हिएत रशियाला गेले, त्यांच्यावर रशियनांनी अग्निबाण डागण्याची यंत्रणा बसवली. रेमंड लोवी यांच्या चमूने आखलेल्या युद्धोत्तर गाड्या देखण्या होत्या. स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाड्याला स्टुडबेकरची जोडणी केली, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या पिढीलाही हे नाव ठाऊक होते. पण फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्या किमतींशी झुंजणे जमेना. 1954 मध्ये पॅकार्डशी झालेल्या विलीनीकरणानेही काही साधले नाही.

20 डिसेंबर 1963 रोजी साउथ बेंडच्या कारखान्यातून शेवटची मोटार बाहेर पडली. कॅनडातल्या हॅमिल्टनचा कारखाना 1966 च्या मार्चपर्यंत चालला आणि मोटारींवरचे नाव संपले. क्लेमेंटने जमवलेल्या जुन्या गाड्या कंपनीने साउथ बेंड शहराला दिल्या. लिंकनची गाडी आणि वडिलांची वॅगन आज एकाच छताखाली पाहायला मिळतात.

कामगारांचे काय झाले, ते मात्र या संग्रहालयाच्या भिंतींपलीकडे जाऊन सांगावे लागते. सुमारे सात हजार माणसे नाताळच्या तोंडावर बेकार झाली. त्यातल्या कित्येक घरांत बाप, आजा याच कारखान्यात होते. संघटनेने 1950 मध्ये पेन्शनची योजना मिळवली होती, पण निधीत पुरेसा पैसा नव्हता. पेन्शनवर असलेल्यांना आणि साठी गाठलेल्यांना, मिळून सुमारे 3,600 जणांना, पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते साठ वयाच्या, किमान दहा वर्षे नोकरी झालेल्या सुमारे 4,000 जणांच्या हाती हक्काच्या रकमेचे जेमतेम पंधरा टक्के पडले. त्यांचे सरासरी वय बावन्न होते आणि नोकरी जवळजवळ तेवीस वर्षांची. उरलेल्या सुमारे 2,900 जणांना काहीच मिळाले नाही. कंपनीने कायदा मोडला नव्हता, कारण पेन्शनचा निधी पुरेसा ठेवलाच पाहिजे असा कायदाच तेव्हा नव्हता.

वॉशिंग्टनमध्ये पुढची दहा वर्षे पेन्शनच्या सुरक्षिततेवर जी चर्चा झाली, तिच्यात साउथ बेंडचे उदाहरण पुन्हा पुन्हा दिले गेले. 2 सप्टेंबर 1974 रोजी, अमेरिकेच्या कामगार दिनी, अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी पेन्शनच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही केली. पुरेसा निधी राखण्याचे बंधन आले, आणि कंपनी बुडाली तरी पेन्शनची ठरावीक मर्यादेपर्यंत हमी देणारे सरकारी महामंडळ स्थापन झाले. आज अमेरिकेतल्या लाखो कामगारांना त्याचा आधार आहे. स्टुडबेकरच्या कामगारांना तो कायदा लागू झाला नाही, कारण त्यांची योजना दहा वर्षांपूर्वीच गुंडाळली गेली होती.